दोन दिवसांच्या कार्यशाळेत ॲक्युपंक्चर शिकून डॉक्टरने वेदनेवर उपचार सुरू करावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमची जनरल प्रॅक्टिस आहे, निम्मे पेशंट कंबर-मान-गुडघे घेऊन येतात, गोळ्या लिहून कंटाळा आलाय, आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून सुया सुरू कराव्यात असं मनात आहे. मी मूळचा भूलतज्ज्ञ. पुढे पेन मेडिसिनकडे वळलो आणि आता डॉक्टरांना ॲक्युपंक्चर शिकवतो. कार्यशाळा जरूर करा. फक्त सोमवारी लगेच पेशंटला सुई लावू नका.

सुई टोचणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. पाव मिलिमीटर जाडीची सुई, प्लॅस्टिकची नळी, वरून बोटाची एक टिचकी, झालं. तुमचा हात इंजेक्शनला सरावलेला आहे, तासाभरात जमेल. अडतं ते चाचपण्यात. पहिल्या दिवशी मी टेबलावर एक केस ठेवतो, वर साधा कागद, आणि डोळे मिटून बोटाच्या टोकाने तो केस शोधायला लावतो. सापडला की दुसरा कागद, मग तिसरा. एमआरआय सराईतपणे वाचणारे भलेभले दुसऱ्या कागदावर हरतात. जोर लावला की केस हरवतो, हे कळायलाच अर्धा तास जातो.

मग जोडीदाराच्या पायावर झू-सान-ली हा बिंदू, म्हणजे सुई लावायची ठरलेली जागा. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा असतो, तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. बोटं पेशंटच्या मापाची, तुमच्या नव्हेत. हे दर बॅचला कोणीतरी विसरतंच. सुई हलकेच फिरवली की आत काहीतरी जड, ठसठसल्यासारखं वाटतं. चिनी लोक त्याला 'द-ची' म्हणतात. ते आधी स्वतःच्या पायात अनुभवल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

धोके थोडे, पण खरे. खांद्यावरच्या जिआन-जिंग बिंदूच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. किडकिडीत माणसात तिथे सुई सरळ आत घातली तर फुप्फुसाला भोक पडून न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो, म्हणजे छातीत हवा साठून फुप्फुस आकसतं. छातीच्या मधल्या हाडात काही लोकांना, शंभरात साधारण पाच जणांना, जन्मजात छिद्र असतं. बोटाला ते कळत नाही, आणि त्याच्या मागे हृदय आहे. म्हणून तिथे सुई आडवीच. चक्कर मात्र नेहमीची. सुरुवातीच्या दिवसांत मी एका धडधाकट गृहस्थांना स्टुलावर बसवून मानेला सुया लावल्या. दुसऱ्या सुईला ते पांढरेफटक पडले, घामाने डबडबले आणि सरळ माझ्या अंगावर कलंडले. तेव्हापासून पहिल्या वेळी प्रत्येक पेशंट आडवा.

आता उपयोग कितपत होतो? २००७ मध्ये जर्मनीतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या ॲक्युपंक्चरने ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. हे आकडे ऐकल्यावर वर्गात कोणीतरी विचारतंच, 'सर, भलत्या जागीही जवळजवळ तेवढाच गुण येत असेल तर ते केस शोधणं कशाला?' प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की अचूक चाचपता येणं सुरक्षिततेसाठी लागतं, आणि त्याहून जास्त निदानासाठी.

कारण खरी चूक सुईची नसतेच. समजा, कंबरदुखीच्या पेशंटला चार बैठकांत बरं वाटलं. रात्री झोपेतून उठवणारी वेदना आहे का, वजन उतरलंय का, लघवीचा ताबा, मांड्यांमधला बधिरपणा, हे आपण विचारलंच नाही. मणक्यातली गाठ सुयांखाली महिनाभर झाकली गेली. वेदना कमी झाली म्हणून कारण गेलं असं होत नाही, आणि सुई वेदना खरोखर कमी करू शकते म्हणूनच ती या बाबतीत गोळीइतकीच फसवी आहे. चांगल्या कोर्समध्ये निम्मा वेळ यावर जायला हवा: ही वेदना स्नायूची, नसेची, की मज्जासंस्था अतिसंवेदनशील झाल्याची? मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांचा १९६५ चा गेट कंट्रोल सिद्धांत, म्हणजे स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेचे संदेश अडवू शकतात, हा सगळेच शिकवतात. पाठीवरून हात फिरवून घट्ट झालेला स्नायू दाखवणारे कमी.

तासांचं विचाराल तर, आपल्या प्रॅक्टिसला जोड म्हणून शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान २०० तास सांगितले आहेत. दोन दिवसांत चौदा-पंधरा होतील. कायद्याने परवानगी कोणाला, हे तुमच्या नोंदणी परिषदेत विचारून घ्या. आणि कोर्सवाल्यांना पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: शिकवणारा मागे उभा असताना मी स्वतः किती पेशंटना सुया लावीन? आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरा कोर्स बघा.

तोवर कंबर दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाला पालथं झोपवा आणि पाच मिनिटं पाठ चाचपा. केस-कागदाचा प्रयोग तर आज रात्रीच करता येईल.