जर्मनीत पहिलाच हिवाळा आहे, पिसांची दुलई घ्यायची आहे. काय बघून घ्यावी?

वजन बघून घेऊ नका. आपल्याला जड गोधडीची सवय, त्यामुळे हलकी दुलई हातात आली की 'ह्यात काय ऊब असणार' असं वाटतं. पण ऊब असते ती पिसांत अडकलेल्या हवेची. लेबलवर 'डाउनेन' म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची मऊ लव आणि 'फेडर्न' म्हणजे काडीवाली पिसं. ९० टक्के लव आणि १० टक्के काडीवाली असं प्रमाण असेल तर उत्तम. काडीवाली जास्त असली की दुलई जड होते, वर टोचते ते वेगळंच! आतले कप्पे वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधे उभ्या शिवलेल्या कापडी पट्ट्यांचे हवेत. नुसती आरपार शिलाई असेल तर बरोबर त्या रेषेवर गार लागतं.

मी हौसेने सगळ्यात गरम प्रकार आणला आणि हीटर चालू असलेल्या खोलीत अख्खा हिवाळा ती लाथाडतच झोपलो. मध्यम पुरते. इकडे नवरा-बायकोची दुलई बहुधा वेगवेगळी, १३५ बाय २०० सेंटीमीटरची, ओढाओढी वाचते. उंच असाल तर २२० लांबीची घ्या.

धुतलीत तर ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाका, गुठळ्या सुटतात.