चावी, बॅग आणि गाय: टॅगबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: सातारा-स्वारगेट एसटीत बॅग राहिली तर टॅगवरून ती कुठंय ते लाईव्ह दिसतं का?

लाईव्ह नाही हो. टॅग म्हणजे हरवलेलं शोधायला चावीला, बॅगेला अडकवायचा बारका बिल्ला, त्यात ना सिम ना जीपीएस, तो नुसता ब्लूटूथवर "मी हितं हाय" करत बसतो, मग जवळनं जाणाऱ्या कुणाच्या फोननं ते ऐकलं की तो फोन आपलं लोकेशन गुपचूप पुढं पाठवतो, फोनवाल्याला पत्ताही नसतो, आणि ते लोकेशन एन्क्रिप्टेड असल्यानं फक्त तुम्हालाच उघडतं. स्वारगेटला फोनच फोन, तिथं बॅग सापडायचा चान्स चांगला.

प्रश्न: कोरेगावहून लिहितोय. गाय डोंगराला चरायला जाते, गळ्यात टॅग बांधू का?

नका बांधू. तिथं शेजारनं जाणार कोण, दुसरी गाय! कास पठारावर आडबाजूला बॅग पडली तरी हीच गत. गायीला सिमवाला जीपीएस ट्रॅकर बघा, तोही रेंज असेल तरच. अजून एक, गुगलच्या नेटवर्कला, म्हणजे अँड्रॉइड फोन मिळून टॅग शोधतात त्याला, मुळात सेटिंग गर्दीच्या जागांपुरतं असतं, म्हणजे बऱ्याच फोनना टॅग दिसला तरच लोकेशन येतं, त्यामुळं गावाकडच्यांनी फाइंड हबच्या, म्हणजे गुगलच्या हरवलेलं शोधायच्या सोयीच्या, सेटिंगमध्ये जाऊन ते सगळीकडं चालेल असं करून ठेवा. घरातल्या घरात चावी शोधायला मात्र हे काही लागत नाही, टॅग वाजवा की झालं. माझी परवा तांदळाच्या डब्यात सापडली, कशी गेली विचारू नका.

प्रश्न: मुलानं दुबईहून एअरटॅग आणलाय, माझा फोन अँड्रॉइड.

त्यालाच परत द्या. एअरटॅग ॲपलचा, आयफोन किंवा आयपॅडशिवाय तो जोडताच येत नाही. तुम्ही फाइंड हबला चालणारा घ्या.

प्रश्न: बॅटरी?

बऱ्याच टॅगमध्ये सीआर2032, साधारण वर्षभर जाते. बटणासारखा सेल असतो, बारक्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर आत अन्ननलिका भाजते, तडक दवाखाना गाठायचा.

प्रश्न: मुलगी पुण्याला होस्टेलवर असते, दर रविवारी रूमची चावी हरवते. तिच्या सॅकमध्ये न सांगता एक टाकू का?

अजिबात नको. 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही अनोळखी टॅग सोबत फिरतोय असं स्वतःहून सांगतात, म्हणजे तिला कळणारच, आणि मग घरात जे होईल ते माझ्या सदरात बसणार नाही. चावीला अडकवून सांगून द्या की, हरवते तर चावीच.