सासू-सासऱ्यांना न्या, आणि त्यांचं खाणं त्यांनाच सांगू द्या

तुम्ही विचारलंय की जानेवारीत इटलीत तोरिनोला (ट्यूरिनला) जाताय, सासू-सासरे सोबत आहेत, तर त्यांना एकदा महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये न्यावं की पैसे वाया जातील. शिवाय कपडे आणि टीप यांचं काय करायचं.

न्या. "त्यांना काय कळणार आहे त्यातलं" हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी तोरिनोला शिकत होते तेव्हा डिसेंबरात आई आणि दादा आले होते. साठवलेल्या पैशांतून मी आल्बाजवळ एका ठिकाणी टेबल राखून ठेवलं. आल्बा म्हणजे पांढऱ्या ट्रफलचं गाव. झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी ही अळंबी कुत्र्यांकडून हुंगून काढतात. त्या दिवशी धुकं इतकं होतं की बसमधून द्राक्षांचे मळे दिसलेच नाहीत.

आईच्या अंगावर साडी, स्वेटर, शाल. दाराशी कोट काढून घेतात, तिने शाल काही दिली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. शरम वाटली ती फक्त दादाला. मेनू आल्यावर त्याने तिला न विचारताच टोमॅटोचा पास्ता सांगून टाकला. आई शेजारच्या टेबलाकडे बघत होती. म्हणाली, "ते काय किसतायत? मला ते हवंय."

मग आमच्याकडे छोटा वजनकाटा आला. ट्रफल आधी तोलतात, ताटलीवर किसतात, पुन्हा तोलतात. जेवढे ग्रॅम कमी भरले तेवढ्याचे पैसे. खाली ताजारिन, म्हणजे भरपूर बलक घालून केलेल्या बारीक शेवया, नुसत्या लोण्यात. ट्रफल शिजवत नाहीत, शेवयांची वाफ त्याला पुरते. वाढणाऱ्याने तो ओबडधोबड गोळा आईच्या नाकापाशी धरला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हिंगाचा डबा उघडल्यासारखं वाटलं गं."

अगदी बरोबर होतं ते! दोन्हींचा वास गंधकाच्या संयुगांचा. मी तिथे राहून कितीदा तो वास घेतला होता, पण मला कधी हिंग आठवला नाही. जन्मभर फोडण्या केलेल्या बाईला एका श्वासात आठवला. तिने ताटली पुसून खाल्ली. दादा अजून म्हणतो, हिंगच हवा होता तर घरी होता की. माझ्या मते त्या टेबलावर जेवणातलं कळणारी एकटी आईच होती.

कपडे उबदार आणि नीटनेटके असले की झालं, साडी उत्तम. टीपची सक्ती नसते, मात्र बिलात बहुतेक ठिकाणी माणशी कोपेर्तोचे, म्हणजे टेबल मांडून दिल्याचे, काही युरो धरलेले असतात. ट्रफलचा हंगाम जानेवारीअखेर संपतो, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच जा आणि किसायला लावण्याआधी ग्रॅमचा भाव विचारा.

शाकाहाराचं आधी लिहायला हवं होतं. आई अंडं खाते म्हणून आमचं निभावलं. अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, रिसोत्तो हा भाताचा प्रकार बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजवतात आणि बान्या काउदा या लसणाच्या गरम सॉसमध्ये अँचोवी मासे असतात. सासरे कडक शाकाहारी असतील तर हे त्यांना टेबलाशी बसण्याआधी सांगा, आणि काय खायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. दादाने आईला तेवढंही विचारलं नव्हतं.