वाचकांचे प्रश्न : थंड समुद्रातील बुडालेल्या युद्धनौका

प्रश्न : आमची मुलगी एडिनबरा येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तारकर्लीला तिने स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवले होते. आता स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो येथे बुडालेल्या जर्मन युद्धनौका पाहायला मैत्रिणींबरोबर जाण्याचे तिने ठरवले आहे. तिला अडवण्याची माझी इच्छा नाही, पण थंड पाण्याची धास्ती वाटते. तिने काय तयारी करावी? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : ताई, मुलीला अडवायचे नाही, हे तुम्ही आधीच ठरवले आहे, याचा आनंद वाटला. परंतु तिने या वर्षी त्या मोठ्या नौकांपर्यंत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिले महायुद्ध थांबल्यावर ऑर्कनी बेटांमधल्या या विस्तीर्ण खाडीत जर्मन आरमाराची ७४ जहाजे अडकवून ठेवण्यात आली होती आणि २१ जून १९१९ रोजी रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या आदेशावरून जर्मन खलाशांनीच ती बुडवायला घेतली. त्यांपैकी ५२ तळाला गेली. पुढे बहुतेक जहाजे भंगारासाठी वर काढण्यात आली आणि मोठ्या नौकांपैकी सातच उरल्या : क्योनिश, मार्कग्राफ व क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या तीन बॅटलशिप आणि चार क्रूझर. बॅटलशिप जवळपास उलट्या होऊन पडल्या असून तेथे समुद्राचा तळ ३८ ते ४५ मीटर खोल आहे. प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा साधारणतः १८ मीटर असते आणि तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनची गुंगी चढून निर्णयशक्ती मंदावू लागते, हे लक्षात घेतले तर आम्ही थांबायला का सांगतो, ते उमजेल.

आता थंडीविषयी. मालवणचे पाणी २७-२८ अंश सेल्सिअस असते. स्कापा फ्लोमध्ये ते उन्हाळ्याच्या अखेरीसही १३-१४ अंशांच्या आसपासच राहते. इंदूरच्या जानेवारीतल्या पहाटे स्वेटर घालून माणूस फिरायला निघतो, तो याच सुमाराच्या हवेत. मात्र पाणी शरीरातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने खेचून घेते. आधी बोटे बधिर होतात आणि जे बकल डोळे झाकून सुटायचे, तेच सुटेनासे होते. शिवाय वर येताना शरीर गारठलेले असेल तर रक्तवाहिन्या आकुंचन पावून नायट्रोजन बाहेर पडायला अधिक वेळ लागतो आणि डीकम्प्रेशनचा, म्हणजे त्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो.

म्हणून तेथे ड्राय सूट वापरतात. मान व मनगटांशी रबराची घट्ट पट्टी असल्याने पाणी आत शिरत नाही आणि आतल्या जाड कपड्यांमुळे ऊब टिकते. मात्र हा सूट वेगळे शिकावाच लागतो. खाली जाताना दाबामुळे आतली हवा आकसते, तेव्हा छातीवरचे बटण दाबून सिलिंडरमधली हवा आत घ्यायची. वर येताना ती फुगते, तेव्हा डाव्या दंडावरच्या झडपेतून ती सोडत राहायचे. हात वर करायचे विसरले किंवा हवा पायांकडे गेली, तर माणूस उलटा होऊन झपाट्याने पृष्ठभागाकडे खेचला जातो आणि अशा वर येण्याने जीव जाऊ शकतो. हा सराव आधी तलावात, मग उथळ समुद्रात, अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हायला हवा. रेग्युलेटरही, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरणही, थंड पाण्यासाठीचेच असावे, कारण दाबाखालची हवा प्रसरण पावताना इतकी गार होते की झडपेत बर्फ धरून ती उघडीच राहते व सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो.

ऑर्कनीला जायचेच असेल, तर तिने चर्चिल बॅरियर या बेटांना जोडणाऱ्या बांधांजवळची, शत्रूचा मार्ग अडवण्यासाठी मुद्दाम बुडवलेली जहाजे पाहावीत. ती उथळ पाण्यात आहेत आणि पहिल्या भेटीला पुरेशी आहेत. रॉयल ओक या ब्रिटिश युद्धनौकेजवळ मात्र जाता येत नाही. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने ती बुडवली आणि आठशेहून अधिक खलाशी तिच्याबरोबर गेले, त्यामुळे ती त्यांची समाधी म्हणून राखली आहे. शेवटच्या बुडीनंतर पूर्ण २४ तास विमानात बसू नये, हेही तिला आवर्जून सांगा.

प्रश्न : स्टॉकहोमचे वासा हे लाकडी जहाज ३३३ वर्षे पाण्यात राहूनही शाबूत निघाले. मग स्कापा फ्लोच्या पोलादी नौका शंभर वर्षांतच का ढासळत आहेत? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : लाकडाचा खरा शत्रू जहाज पोखरणारा समुद्री किडा आहे आणि बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात तो तग धरत नाही. त्यामुळेच १६२८ मध्ये बुडालेले वासा १९६१ मध्ये जवळपास पूर्ण वर काढता आले. पोलादाला त्या किड्याचे भय नाही, पण खारे पाणी आणि प्राणवायू त्याला सतत गंजवत राहतात. त्यातच स्कापा फ्लोमध्ये भंगार व धातूसाठी सुरुंग लावून काही कवच उखडले गेले, त्यामुळे उरलेला सांगाडा कमकुवत झाला. आज जेथून आत शिरता येते, तेथली पट्टी उद्या खाली कोसळू शकते. मार्गदर्शक दोरी व पुरेशा प्रशिक्षणाशिवाय आत जाणे आम्ही कोणालाही सुचवणार नाही. या सातही नौकांना कायद्याने संरक्षण आहे. बाहेरून पाहायला मुभा आहे, पण त्यांवरून एक खिळाही उचलता येत नाही.