कोयत्याला परज हवी की मोकळी मूठ? (बेणणीसाठी, म्हणजे रान साफ करायला, मोठं पातं घेताना)

तुमचा प्रश्न आणि त्याखालचे सल्ले दोन्ही वाचले. लांज्याजवळ जागा घेतलीय, आत करवंदाच्या जाळ्या नि घाणेरी, कुंपणाच्या कडेला बांबूची बेटं. गवताला ग्रासकटर आहे, पण मनगटाएवढ्या फांद्यांसाठी मोठं पातं हवंय. ऑनलाइन एकच पातं तीन प्रकारच्या मुठीत मिळतंय. पहिल्यात मुठीच्या पुढे आडवी पट्टी, म्हणजे क्रॉस गार्ड. दुसऱ्यात बोटांवरून वळून मागच्या टोकाला जोडलेली परज, म्हणजे डी-गार्ड. तिसरं मोकळं, फक्त मुठीचं मागचं टोक खाली वळलेलं. वर एका सदस्याने ‘सेफ्टी हवी तर डी-गार्डच’ असं ठणकावून सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच देऊन टाकतो. तिसरं घ्या. बांबूचं काम खरंच बरंच असेल तर परजवालं एक स्वस्तातलं पातं वेगळं ठेवा. आडव्या पट्टीच्या वाटेला जाऊ नका.

गार्ड मुळात आला लढाईच्या हत्यारांना. समोरच्याचं पातं आपल्या पात्यावरून घसरत खाली आलं की बोटं जातात, म्हणून तलवारीला परज. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैनिकांकडे परज लावलेले मोठे बोवी सुरे असायचे. १९१८ मध्ये अमेरिकन सैन्याने खंदकातल्या झटापटीसाठी पितळी मुठीचा सुरा काढला, त्याची परज म्हणजे चार बोटांची चार कडी, ठोसा मारता यावा अशी. आडवी पट्टी खुपसण्यासाठी असते. टोक कशावर तरी अडलं तर हात पुढे पात्यावर जाऊ नये, एवढंच तिचं काम. तुमच्या जागेत खुपसायचं कोणाला? करवंदीची जाळी ओरबाडते खरी, पण तलवार घेऊन उभी राहत नाही.

आता ज्यांचं पोट तोडण्यावर आहे त्यांची हत्यारं बघा. आपला कोयता, नेपाळची खुकरी, मलेशिया-इंडोनेशियातलं परांग, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ऊस नि रान तोडायचा मशेटी. यांच्या रोजच्या कामाच्या नमुन्यांना गार्ड नसतो. खुकरी तर गुरखा पलटणींनी लढाईत वापरली, तरी तिला गार्ड नाही. मुठीच्या मध्यावर एक उंचवटा आणि मागे पसरट टोक, एवढ्यावर ती हातात राहते. (तो उंचवटा काही हातांना बोचतो, मग लोक कानशीने उतरवून घेतात. खुकरीचा विचार करत असाल तर हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.) बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या कामगारांत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाचा हिशोबही त्यावरच. पहाटेपासून फडात चालणाऱ्या त्या कोयत्याची मूठ साधी लाकडी, पुढे-मागे काहीही लटकवलेलं नाही. गरज असती तर या माणसांनी गावच्या लोहाराकडून कधीच ठोकून घेतलं असतं.

याचं कारण तुम्हाला घरातच कळेल. म्यान घातलेलं पातं किंवा पुढे जड असलेली कुठलीही काठी हातात घ्या, मोकळ्या जागी सावकाश घुमवा आणि लक्ष फक्त करंगळीकडे ठेवा. घाव घालताना पातं बाहेरच्या बाजूला ओढतं. हत्यार हातातून निसटायला बघतं ते पुढच्या दिशेने, म्हणजे तुमचा हात मुठीवरून मागे, टोकाकडे सरकतो. पात्याकडे नव्हे. पुढची आडवी पट्टी यात काहीच करत नाही, ती चुकीच्या दारात पहारा देत उभी असते. अडवायचं काम करंगळीच्या मागे आलेल्या टोकाचं. ते टोक खाली वळलेलं आणि भरदार असेल तर मूठ सैल धरूनही कोयता जागचा हलत नाही. आणि मूठ सैल धरता येणं ही चैन नाही. घामेजल्या हाताने तासभर आवळून धरलं की कोपरापर्यंत हात भरून येतो आणि तिथून पुढचे घाव वाकडे पडायला लागतात.

म्हणून मूठ निवडताना नजर मागच्या टोकावर ठेवा. फोटोत सगळे पातं दाखवतात, टोक कापलेलं असतं. मूठ सरळ दांड्यासारखी संपत असेल तर पोलाद कितीही नावाजलेलं असो, पुढे बघू नका. मुठीचा छेद अंडाकृती हवा, गोल नको. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे तोंड करून आहे ते हाताला कळत नाही. अंडाकृतीत डोळे मिटूनही कळतं. जाडी अशी, की मूठ वळली तर बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाशी जेमतेम पोचावीत. बोटं तळहातात रुतत असतील तर बारीक, मध्ये दोन बोटांचं अंतर राहत असेल तर जाड. लांबीला तळहाताच्या रुंदीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर जास्त असली की हात थोडा पुढे-मागे करता येतो. बारीक काडीसाठी पुढे धरायचं, जाड फांदीसाठी मागे.

लाकडी मुठीवर दुकानातून चकचकीत व्हार्निश येतं. सुक्या हातात ते छान वाटतं, घाम लागला की साबण. फुटक्या काचेच्या धारेने ते खरवडून काढा. काच अंगठ्याने किंचित कलती धरून आपल्याकडे ओढली की व्हार्निशचा पिवळट कीस निघतो आणि खाली लाकडाची रेघ दिसायला लागते. हातमोजे घाला, काच आहे. मग एकदा पॉलिश पेपर फिरवून जवसाचं तेल पातळ चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही, मूठ तेलकट राहते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते, त्या पसरून वाळवायच्या. मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळायचा सल्ला वर कोणीतरी दिलाय. सुक्या दिवसांत चालतो, पण पावसात ट्यूबखाली पाणी शिरतं आणि रिबिटांना आतून गंज धरतो.

आता परजेची बाजू, कारण तिला सरसकट नाकारण्यात अर्थ नाही. बांबूच्या बेटात ती कामाला येते. एक काठी काढायची तर हात आत घालावा लागतो. आजूबाजूला जुन्या काठ्या दाटलेल्या, मागच्या वर्षी तिरक्या तोडलेल्या बुंध्यांची टोकं भाल्यासारखी वर आलेली. घाव जमिनीलगत घालावा लागतो, कारण उंचावर तोडलं तर बुंधा कुजतो आणि पुढच्या वेळी तोच आडवा येतो. अशा जागी पातं बरोबर लागलं तरी मूठ धरलेल्या बोटांची हाडं शेजारच्या काठीवर आपटतात. काटेरी कळक असेल तर आपटण्याआधी सोलून निघतात. इथे बोटांवर लोखंड असलं की काम अर्ध्या भीतीने होतं. करवंदाच्या जाळीत बुडाशी हात घालतानाही तेच. तुमच्या कामात हा भाग किती, ते तुम्हीच बघा.

पण तिची किंमतही मोजावी लागते. परजेचं वजन हाताच्या मागे आणि खाली येतं, त्यामुळे पुढे जड असलेलं पातं तेवढं बोथट वागतं, एका घावात जाणाऱ्या फांदीला दोन लागतात. हात मागे-पुढे करता येत नाही. कंबरेच्या आकडीत कोयता अडकवून दोन्ही हात मोकळे करायची आपली जी पद्धत, तिथे परज फांदीत अडकते, सदऱ्यात अडकते. झाडावर चढून काम करणाऱ्याला तर परज देऊच नका. वर एका हाताने कोयता काढायचा, ठेवायचा, हात बदलायचा असतो, आणि प्रत्येक वेळी चार बोटं त्या कड्यातून ओवत बसायला तिसरा हात नसतो. पाय घसरून पडायची वेळ आली तर हत्यार लांब फेकणं ही पहिली गोष्ट. परजेत अडकलेली बोटं तेवढ्या वेळात सुटतीलच असं नाही.

तरी घ्यायचीच ठरली तर मूठ वळल्यावर बोटांच्या हाडांत आणि परजेत किमान एक करंगळी शिरेल एवढी फट हवी, तीही कामाचा हातमोजा घालून. फट नसली की घावाचा सगळा धक्का परजेतून थेट बोटांत येतो. पातळ पत्र्याची परज एकदा दगडावर आपटली की आत दबते आणि बोटं चिमटीत धरते, त्यामुळे हाताने दाबून वाकणारी नको. मागचा स्क्रू धक्क्यांनी ढिला होतो, कामाला लागण्याआधी तो बघायची सवय लावा. सगळी मूठ परजेसकट एकाच प्लास्टिकची असेल तर जोडाच्या कोपऱ्यात तडा आहे का ते अधूनमधून पाहा, उन्हाने प्लास्टिक तिथेच ठिसूळ होतं. आणि डावखुरे असाल तर नीट बघून घ्या, काही नमुन्यांत परज एका बाजूला पसरट असते आणि ती उजव्या हाताच्या हिशोबानेच केलेली असते.

आडव्या पट्टीबद्दल फार लिहीत नाही. ती मुठीजवळची धार वापरू देत नाही, आणि खुंट्यांना टोक काढायला तीच धार लागते. कानसही तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे वर्षभरात पट्टीपुढे बोथट गाठ तयार होते.

‘डी-गार्डने सेफ्टी’ या मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. कोयत्याने होणाऱ्या जखमा बहुतेक उजव्या हाताच्या बोटांना नसतात. फांदी धरलेला डावा हात आणि पुढे टाकलेला डावा पाय, नडगी किंवा गुडघ्याखाली, हे दोन ठिकाण. घाव फांदीवरून सटकतो किंवा फांदी एका घावात तुटते आणि पातं पुढे जात राहतं. यातलं काहीही परज अडवत नाही. उलट ‘आपल्याला गार्ड आहे’ म्हणून माणूस जोरात मारतो. डाव्या हातात फांदी धरण्याऐवजी दोन-अडीच फुटांची बेचक्याची काठी धरा, तिने फांदी दाबून किंवा ओढून ठेवायची. पाय असे ठेवा की पातं सुटलं तर त्याच्या वाटेत जमीन यावी, तुम्ही नव्हे. गमबूट घाला. या तीन गोष्टी तिन्ही प्रकारच्या मुठींपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, आणि कुठल्याही जाहिरातीत नसतात.

कायद्याचंही थोडं बघा, कारण तुम्ही हे पुण्याहून गाडीतून नेणार आहात. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नियमांत धारदार शस्त्रांसाठी ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीचं माप येतं, तिथेही शेतीच्या अवजारांना सूट आहे. लोहाराकडचा कोयता बघून कोणालाही ते शेतीचं अवजार वाटतं. काळी मूठ, बोटांवर कडं, पाठीला करवतीचे दात असलेलं पातं तसं वाटत नाही. कोयता गँगच्या बातम्यांनंतर पुण्यात पोलीस या बाबतीत फारसे हसतमुख नसतात, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश लागू असतील तेव्हा तर साधी काठीही अडचणीची ठरते. पातं गोणपाटात गुंडाळून, बांधून, डिकीत अवजारांसोबत ठेवा. सीटखाली नको. सोपं म्हणजे लांज्याच्या बाजारात घ्या आणि जागेवरच ठेवा.

शेवटचं तुमचं, मनगटाला दोरीचा फास लावावा का. लावू नका. हातातून सुटलेलं पातं दूर गेलेलं बरं, दोरीला लटकलेलं पातं झोका घेऊन पोटरीवर येतं. मुठीला भोक आहेच म्हणून दोरी ओवायची असेल तर ती भिंतीवर टांगण्यापुरती.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून मुठीच्या मागच्या टोकाचा बाजूने काढलेला एक फोटो मागा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीच्या आत शिरणारा भाग, मुठीच्या टोकापर्यंत गेलीय की मध्येच संपलीय तेही विचारा, मध्येच संपली असेल तर जाड फांदीला मूठ पहिल्या पावसाळ्यातच खुळखुळायला लागेल. फोटो आला की इथे टाका, बघून सांगतो.