तांबेरा परदेशातून येतो का? शेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

तांबेरा या पिकांवरच्या बुरशीजन्य रोगाबद्दल तीन प्रश्न आले आहेत. निफाडचे एक गहू उत्पादक विचारतात, आफ्रिकेतला तांबेरा आपल्याकडे येणार म्हणतात, तो आयात गव्हातून येईल का? मिरज तालुक्यातले एक दादा विचारतात, बियाणे नवे, बीजप्रक्रिया केलेली, तरी सोयाबीनवर तांबेरा येतो कुठून? आणि परदेश अभ्यास दौऱ्याला निघालेल्या एका ताईंना हवे आहे, येताना कपड्यांबरोबर रोग येतो हे खरे का?

पहिल्या दोन्ही प्रश्नांत संशय बियाण्यावर आहे, तो आधी दूर करू. तांबेरा बियाण्यातून येत नाही. ही बुरशी फक्त जिवंत झाडावर जगते. पानावरचे फोड फुटले की बोटाला हळदीसारखी पूड लागते, ते तिचे बीजाणू. वारा त्यांना उंच नेतो, पावसाबरोबर ते खाली उतरतात, पान काही तास ओले राहिले की रुजतात आणि साधारण आठ ते पंधरा दिवसांत नवे फोड तयार. म्हणजे या रोगाला प्रवासासाठी वारा लागतो आणि मुक्कामासाठी हिरवे पीक. आयात धान्याची गोष्ट आहे ती गव्हाच्या ‘ब्लास्ट’ या लोंबी वाळवणाऱ्या रोगाची. २०१६ मध्ये बांगलादेशात तो दिसला, त्याची बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या बुरशीशी जुळली आणि धान्याबरोबर ती आली असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो वेगळा रोग. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत दोन्हींची सरमिसळ होते.

आता आफ्रिकेतल्या तांबेऱ्याचे. त्याचे नाव ‘यूजी ९९’. हा खोडावरचा काळा तांबेरा, युगांडात १९९८ मध्ये सापडला आणि पुढच्या वर्षी ओळखला गेला. जगभरातल्या कितीतरी वाणांना ‘एसआर ३१’ हे जनुक या रोगापासून वाचवत होते, ते याच्यापुढे निकामी ठरले. पुढे तो २००१ मध्ये केनियात, २००३ मध्ये इथिओपियात, २००६ मध्ये सुदान व येमेनमध्ये आणि २००७ मध्ये इराणमध्ये आढळला. लाल समुद्र ओलांडायला त्याला जहाज लागले नाही. भारतात तो अजून सापडलेला नाही. पण ही वाट नवी नाही. पिवळ्या तांबेऱ्याचा एक प्रकार १९८० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतून निघून पश्चिम आशियामार्गे सुमारे दहा वर्षांत पाकिस्तान व भारतापर्यंत पोहोचला होता. म्हणूनच आपले गव्हाचे वाण २००५ पासून केनियात नेऊन तिथल्या रोगात तपासले जातात.

पिवळ्या तांबेऱ्याला थंडी लागते, तो पंजाब-हरियाणाची डोकेदुखी. काळ्याला ऊब मानवते, त्यामुळे त्याचा धोका आपल्यासारख्या मध्य व दक्षिण भारताला जास्त. आणि आपल्याकडे येणारा काळा तांबेरा आजही बाहेरूनच येतो, पण परदेशातून नव्हे, तर निलगिरीतून. मैदानातल्या उन्हाळ्यात तो मरतो, पण दक्षिणेच्या डोंगरांत टिकतो, हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळे झाली की निलगिरीतले बीजाणू उत्तरेकडे सरकतात. गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत वादळाची बातमी आली, तर पुढे पिकावर बारीक नजर ठेवायची ती एवढ्यासाठी.

निफाडकरांना माझा सल्ला एकच: वाण बदला. लोकवनचा दाणा, भाव सगळे मान्य, पण तो तांबेऱ्याला बळी पडतो. निफाडच्याच गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण हाताशी आहेत. प्रतिकारक वाणावर खोडाला लांबट, विटकरी फोड दिसले तर तातडीने कळवा. नमुना कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो. महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजेच तांबेरा) संशोधन केंद्रात तपासणीची सोय आहे.

सोयाबीनचा तांबेरा तर आपल्याहून जास्त फिरला. जपानमध्ये तो १९०२ पासून माहीत आहे. आशियातून १९९० च्या दशकात आफ्रिकेत, २००१ मध्ये पॅराग्वेत, मग ब्राझीलमध्ये. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लुइझियानात सापडला, तो ‘आयव्हन’ चक्रीवादळाने आणला असे मानतात. ब्राझीलने २००६ पासून राज्याराज्यांत नियम केला: वर्षातले दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचे एकही जिवंत रोप ठेवायचे नाही, आपोआप उगवलेलेही नाही.

दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कृष्णाकाठी पाण्याची सोय असल्याने बिगरहंगामी सोयाबीन उभे असते, त्यावर रोग तग धरतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ, ओल्या हवेत खरिपावर उतरतो. बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घ्या असे आम्हीच सांगतो, त्यामुळे हे लिहिताना माझी थोडी कोंडी होते. पण कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी मी तो आग्रह धरणार नाही. घ्यायचेच असेल तर काढणीनंतर उगवलेली रोपे मोडा. खरिपात कसबे डिग्रजच्या केंद्राचे फुले संगम, फुले किमया किंवा फुले अग्रणी घ्या. फुलोऱ्यापासून खालची पाने उलटी करून पाहा. तांबूस ठिपके दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्यात १० मिली, अशी फवारणी करा. पाने पिवळी पडून गळायला लागल्यावर फवारलेले पैसे वाया जातात.

ताई, तुमची शंका रास्त आहे. पिवळा तांबेरा १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा दिसला, तो युरोपातून प्रवाशाच्या कपड्यांवर आला असावा, असे तिथले शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा शेतात फिरताना घातलेले कपडे, टोपी तिथेच धुवा, बूट घासून पुसा. पाने, लोंब्या, बियाणे आठवण म्हणूनही आणू नका, विनापरवाना आणणे बेकायदा आहे. आणि घरी आल्यावर त्याच बुटांनी थेट गव्हात शिरू नका.