वहीच्या कोपऱ्यातला आकडा

"मॅडम, माझे चान्सेस किती?" डिसेंबरपासून पुढे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बारावीची जवळपास सगळीच मुलं हे विचारतात. पूर्वाने (नाव बदललं आहे) ते विचारलं नाही. तिने वहीच पुढे सरकवली.

निफाडकडची मुलगी, घरची द्राक्षबाग. झोप उडाली, जेवण तुटलं म्हणून वडील घेऊन आले होते. वहीत रोजच्या अभ्यासाखाली उजव्या कोपऱ्यात एक आकडा: ६२. पुढच्या पानावर ५८. मग ६४, मग खोडलेला ७०.

"हे काय गं?"

"सीओईपीला कॉम्प्युटर मिळायची शक्यता. सीईटीच्या सराव पेपरवरून काढते." सीओईपी म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, आणि सीईटी ही राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा.

२०० पैकी १२४ मिळाले की ६२. म्हणजे टक्के. तिथल्या कॉम्प्युटरची यादी तर ९९ पर्सेंटाइलच्या वर बंद होते. या दोन आकड्यांमधली दरी ती रोज रात्री मोजत होती, आणि दोन्ही आकडे वेगळ्याच मापाचे. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, ते. पेपर अवघड निघाला की त्याच गुणांना वरचा पर्सेंटाइल पडतो. हे सांगितल्यावर ती हसली नाही, उलट चिडली. "मग क्लासमध्ये कुणी बोललं का नाही?" तिचा राग मला रास्तच वाटला.

मग गेल्या वर्षीची कटऑफची यादी उघडली. ती फक्त 'जीओपीईएनएस' हा रकाना बघत होती, म्हणजे खुल्या गटाचा सर्वसाधारण. मुलींच्या जागांचा रकाना 'एल'ने सुरू होतो, हे तिला माहीतच नव्हतं. ती ओबीसी, म्हणजे तिचा रकाना आणखी वेगळा. शिवाय कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी शेवटी आत गेलेल्या मुलाचा आकडा. यंदाची वेस कुठे असेल ते त्यावरून अंदाजानेच कळतं.

इथे मी वडिलांना आत बोलावलं. "दादा, जात पडताळणी झाली का?"

ते गप्प. दाखला होता, पडताळणीचा अर्जच केला नव्हता. ओबीसीच्या जागेसाठी लागणारं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र होतं, पण येत्या मार्चअखेर संपणारं. प्रवेश जूननंतर, आणि त्याला चालतं ते पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं. खरं सांगायचं तर तिच्या वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. अभ्यासात कमी न पडलेली मुलं कागदाने अडलेली मी पाहिली आहेत.

"छाटणी, फवारणी, त्यात राहून गेलं, ताई," ते म्हणाले.

पूर्वाला पुढचे चार आठवडे एकच काम दिलं: कोपऱ्यात शक्यता लिहायची नाही, त्या दिवशी चुकलेल्या प्रश्नांचे धडे लिहायचे. गणित आधी, कारण तिथे प्रत्येक प्रश्नाला २ गुण, भौतिक-रसायनला १. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी ती शंका आली की प्रश्न कोरा सोडत होती. झोप लगेच आली नाही. तिसऱ्या आठवड्यात जेवण सुधारलं.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मात्र ती माझ्याशी भांडली. 'मिळेल ते आधी' टाकायचं म्हणत होती. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर तीच घ्यावी लागते, म्हणून क्रम आवडीचाच, असं मी धरून बसले.

तिला ९६ च्या वर पर्सेंटाइल पडले. सीओईपीचं कॉम्प्युटर नाही मिळालं. पुण्यातच दुसऱ्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, दुसऱ्या फेरीत. पडताळणीचा दाखला त्याच्या अकरा दिवस आधी हातात आला होता.

हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. वहीत निम्मी पानं कोरी राहिली होती. आता बाबा त्यात फवारणीचा हिशोब लिहितात म्हणे.